गडी खांबावरच येणार आहे: वेगवान खेळांचे फोटो हौसेने काढणाऱ्यांसाठी

नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर एका खो-खो सामन्याला मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन बसलो, तेव्हा चारशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर बहुतेकांत नुसत्या पाठी. पळणाऱ्याची पाठ, पाठलाग करणाऱ्याची पाठ, मध्येच आडव्या आलेल्या पंचांची पाठ. एका फोटोत खांब आहे, धूळ आहे आणि चौकटीच्या कडेला एक पाय आहे. त्या पायाच्या मालकाने खांब धरून पूर्ण लांबीचा सूर मारला होता आणि गडी टिपला होता. सगळे मैदान ओरडले, तेव्हा मी आधीच्या फोटोचा फोकस नीट आला का, ते मागच्या स्क्रीनवर बघत होतो.

शेजारी एक वयस्कर प्रशिक्षक बसले होते. माझी धावपळ बराच वेळ पाहून शेवटी म्हणाले, "काय जी, तुमी त्याच्या मांगं काहून धावून राहिले? गडी खांबावरच येनार हाये. तुमी आधीच तिथं बसा ना."

लेन्स, शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा) हे सगळे मी नंतर शिकलो. पण फोटो सुधारले ते या एका वाक्यामुळे.

आधी थोडे गणित

ताशी १३० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदाला सुमारे ३६ मीटर जातो. तुमचा कॅमेरा सेकंदाला ५ फोटो काढत असेल, तर दोन फोटोंच्या मधे चेंडूने सात मीटर अंतर कापलेले असते. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे जेमतेम २० मीटरची. बटण दाबून धरले की बॅटला चेंडू लागतानाचा क्षण आपोआप सापडेल, ही आशा इथेच सोडावी. सेकंदाला १० फोटोंचा कॅमेरा आणला तरी मधली फट साडेतीन मीटरांची उरतेच.

दुसरा हिशोब आपल्या बोटाचा. डोळ्यांनी पाहिले, मेंदूला कळले, बोट दाबले गेले, यात सुमारे पाव सेकंद जातो. सेकंदाला सात मीटर पळणारा खो-खोपटू तेवढ्यात पावणेदोन मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे जे दिसल्यावर तुम्ही बटण दाबता, ते फोटोत कधीच येत नाही, त्याच्या पुढचे येते. तेव्हा बटण घटनेच्या आधी दाबावे लागते आणि त्यासाठी पुढे काय होणार याचा अंदाज हवा. अंदाज कॅमेऱ्याच्या दुकानात मिळत नाही. खेळाचे नियम मात्र कोणीही फुकट समजावून सांगतो.

म्हणून नवशिक्याला माझा सल्ला असा की पहिले दोन-तीन महिने एकच खेळ धरा. शक्यतो तुम्ही शाळेत खेळलेला.

पहिला खेळ खो-खो घ्या

मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना खांब, मधल्या पट्टीत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले. पळणारे तिघे कुठूनही कुठेही जाऊ शकतात, बसलेल्यांच्या मधून नागमोडी साखळी खेळू शकतात. पण पाठलाग करणाऱ्यावर दोन बंधने आहेत. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. फोटो काढणाऱ्याला याहून सोयीचा खेळ मिळणे अवघड. पळणारा काय करेल ते सांगता येत नाही, पण त्याच्यामागचा कोणत्या बाजूने, कोणत्या रेषेवरून येणार हे तो उठताक्षणी ठरलेले असते.

बसायची जागा अशी निवडा. शेवटच्या रेषेच्या बाहेर, कोपऱ्याजवळ, खांबापासून तिरके सुमारे दहा मीटर. तिथून खांबाकडे धावत येणाऱ्याचा चेहरा दिसतो. मैदानाच्या मधोमध, बाजूच्या रेषेवर बसलात तर सगळे गडी डावीकडून उजवीकडे जाताना दिसतात आणि चेहरे अर्धेच मिळतात. जागा घेण्याआधी पंचांना आणि आयोजकांना विचारा. बाहेर पडलेला पळणारा तुमच्या अंगावर आला तर दोघांनाही लागेल, त्यामुळे रेषेपासून दोन-तीन मीटर सोडून बसा आणि पिशवी, ट्रायपॉड असले काही पुढे ठेवू नका.

बसा म्हटले ते खरोखरच बसा. उभे राहून काढलेल्या फोटोत गड्यांच्या मागे जमीन येते, सगळे बुटके आणि जमिनीला चिकटल्यासारखे दिसतात. गुडघ्यावर किंवा मांडी घालून बसले की सूर मारणारा गडी जमिनीपासून सुटलेला दिसतो, त्याच्या अंगाखालची मोकळी जागा दिसते. फोटोतला वेग बराचसा त्या मोकळ्या जागेतून येतो. पँट लाल-काळी होते. होऊ द्या.

आता खांबाची युक्ती. साध्या डीएसएलआरवर ५० मिलिमीटरची, एफ/१.८ वाली (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे आणि उजेड जास्त) स्वस्त लेन्स असेल, तर दहा मीटरवरून साधारण पावणेपाच मीटर रुंदीची चौकट मिळते. खांब, आडवा झालेला गडी आणि निसटणारा पळणारा, तिघे त्यात मावतात. स्वयंचलित फोकसने खांबावर नेम धरा, मग फोकस हाताच्या म्हणजे 'मॅन्युअल'वर टाका आणि त्या रिंगला पुन्हा हात लावू नका. एफ/२.८ ठेवले तरी साधारण सव्वाआठ मीटरपासून पावणेतेरा मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. कॅमेऱ्याला पळत्या गड्याला शोधण्याची गरजच उरत नाही, कारण गडी स्वतःच फोकसमध्ये येऊन पडतो.

मग नजर कुठे ठेवायची? खांबालगतच्या चौकोनात बसलेल्यावर. त्याला 'खो' मिळाला आणि पळणारा खांबाच्या आसपास असला, की सूर लागण्याची शक्यता मोठी. तो उठला की बोट अर्धे दाबलेले हवे. हात खांबाला लागण्याची वाट पाहू नका. त्याचा खांदा खाली झुकला, शेवटचे पाऊल लांब पडले, की दाबा आणि तीन-चार फोटोंपुरते धरून सोडा. आकाशीय सूर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात हवेतून घेतलेली झेप, याहून अवघड, कारण तिची जागा ठरलेली नसते. त्याच्या मागे पहिल्या महिन्यात लागूच नका. एका डावात खांबाच्या दोन-तीन संधी नीट टिपल्यात तरी दिवस कारणी लागला.

उजेड, आणि नागपूरचा सूर्य

आपल्याकडे स्पर्धांचा खरा हंगाम थंडीचा. डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य आकाशात ४५ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून दिवसभर उजेड तिरका आणि चेहऱ्यांवर पडणारा मिळतो. मे महिन्यात उलट. महिन्याच्या अखेरीस नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. उन्हाळी शिबिरांचे फोटो सकाळी आठच्या आत काढा. तब्येतीच्या दृष्टीनेही तेच बरे.

थंडीत एक फसगत होते. डिसेंबरमध्ये नागपूरचा सूर्य मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी, पावणेसहाच्या आतच मावळतो. उपांत्य आणि अंतिम सामने नेमके साडेचारनंतर लागतात. दुपारी बसवलेली सेटिंग पाच वाजता तशीच राहिली, तर शेवटचे आणि सगळ्यांत महत्त्वाचे फोटो काळे येतात. माझे दोनदा आले आहेत.

सूर्य पाठीशी घेऊन बसणे हा सुरुवातीचा साधा नियम. दुपारनंतर याचा अर्थ नैर्ऋत्य कोपरा. धूळ दिसायला हवी असेल तर मात्र मुद्दाम सूर्यासमोर बसून पाहा. गड्याच्या मागून येणाऱ्या प्रकाशात धुळीचा प्रत्येक कण चमकतो. चेहरे काळवंडतात, ती त्याची किंमत.

कॅमेऱ्यात काय बदलायचे

खेळाचे चित्र असलेला तयार मोड विसरा. मी असे ठेवतो: मोड मॅन्युअल, शटर आणि छिद्र मी ठरवलेले, आयएसओ 'ऑटो', त्याची वरची मर्यादा ६४००. शटर मोकळ्या मैदानात १/१००० सेकंद, उजेड भरपूर असेल तर १/१६००. स्वच्छ उन्हात आयएसओ ४०० आणि एफ/५.६ वर १/३२०० पर्यंतही जाता येते, त्यामुळे दुपारी साध्या ७०-३०० लेन्सलाही काही अडत नाही. महागडी लेन्स लागते ती संध्याकाळी आणि छपराखाली.

१/१००० का? तोच १३० किलोमीटरचा चेंडू सेकंदाच्या हजाराव्या भागात ३.६ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या निम्म्या व्यासाएवढा. फोटोत तो किंचित लांबट दिसतो. गोल हवा असेल तर १/२००० च्या पुढे जा. माणसाचे धड १/५०० लाही थांबते, पण हात-पाय धडापेक्षा बरेच जलद फिरतात आणि फोटोत हललेला हात लगेच खुपतो.

खांबाची युक्ती सोडून इतर वेळी फोकसचा प्रकार सतत पाठलाग करणारा हवा. कॅननवर त्याला 'एआय सर्व्हो' म्हणतात, निकॉन आणि सोनीवर 'एएफ-सी'. फोकसचे सगळे बिंदू मोकळे सोडले तर जुना कॅमेरा हमखास मागच्या प्रेक्षकांवर किंवा मांडवाच्या कापडावर जातो. मधला एक बिंदू किंवा मधला छोटा गट निवडा आणि तो गड्याच्या छातीवर ठेवा. जमल्यास फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या अंगठ्याच्या बटणाला द्या. पहिले दोन दिवस बोटांचा गोंधळ होतो, नंतर जुनी पद्धत नकोशी वाटते, कारण अंगठा उचलला की फोकस आहे तिथेच थांबतो आणि मध्ये आलेल्या पंचांमुळे पळत नाही.

रॉ (कच्ची, जड फाइल) की जेपेग (तयार, हलकी फाइल) यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मैदानात मला दिसलेला फरक एवढाच की स्वस्त कॅमेऱ्यात रॉ ठेवले तर आठ-दहा फोटोंतच तो अडखळतो आणि पुढचे साठवेपर्यंत खेळ संपतो. उजेड चांगला असेल तर जेपेग, अंधाऱ्या हॉलमध्ये रॉ.

सीताबर्डीच्या बाजारातून किंवा ओळखीतून जुना कॅमेरा घेत असाल, तर शटर किती वेळा उडाले आहे तो आकडा आधी तपासा. खेळाचे फोटो काढणाऱ्याने विकलेल्या कॅमेऱ्यात तो मोठा असतो.

कबड्डी: तोंड कोणाचे हवे ते आधी ठरवा

पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर, चढाई ३० सेकंदांची. अंतर कमी, गडी चौदा, म्हणून गर्दी फार. खो-खोसारखा ठरलेला खांब नाही, पण मध्यरेषा आहे आणि सगळी झटापट शेवटी तिच्याकडेच वळते.

चढाईपटू समोरच्या अंगणात जातो तेव्हा त्याचा चेहरा बचाव करणाऱ्यांकडे असतो. पकड झाली की तो वळतो, हात लांब करून मध्यरेषेकडे झेपावतो, आणि पाच-सहा जण त्याच्या पायांना लोंबकळतात. हा दुसरा क्षण हवा असेल तर चढाईपटूच्या स्वतःच्या अंगणाच्या कोपऱ्यात बसा. तो तुमच्याकडे तोंड करून, दात आवळून, जमिनीवरून सरपटत येईल. पहिला स्पर्श, बोनस रेषेवरचा पाय, उजव्या-डाव्या कोपरारक्षकाची झडप हवी असेल तर समोरच्या बाजूला बसा. दोन्ही एकाच जागेवरून मिळत नाही. मी पूर्वार्धात एका टोकाला आणि उत्तरार्धात दुसऱ्या टोकाला बसतो.

चढाईपटूच्या हाताकडे बघत बसू नका, त्याचा हात तुम्हालाही चकवतो. कोपरारक्षकाचे गुडघे बघा. ते वाकले आणि टाच उचलली गेली की पकड येते आहे. एकाच संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या असतील तर तिसरी चढाई सोडू नका, कारण तिथे गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो.

छपराखाली आणि दिव्यांखाली

मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातल्या बंदिस्त सभागृहात शिरलात की पहिला धक्का उजेडाचा. डोळ्यांना लख्ख वाटते, कॅमेऱ्याला वाटत नाही. अशा सभागृहांत साधारण एफ/२.८, आयएसओ ३२०० आणि १/५०० वर काम भागते. कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ/५.६ च असते, म्हणजे तिच्यातून चौथाई उजेड येतो आणि त्याच शटरला आयएसओ १२,८०० लागतो. इथे ५० किंवा ८५ मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स जुन्या बाजारातली असली तरी त्या झूमपेक्षा सरस. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. आयएसओ वाढवायला घाबरू नका.

दिवे लुकलुकतात हे दुसरे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५०० शटरने एकामागोमाग काढलेल्या दहा फोटोंत दोन पिवळट, तीन काळपट, बाकीचे बरे असे येते. मी याला कॅमेऱ्याचा बिघाड समजून तो दुरुस्तीला नेला होता. बिघाड नसतो. कॅमेऱ्यात 'अँटी-फ्लिकर' असेल तर चालू करा, नसेल तर फोटो थोडे जास्त काढा. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर अशा दिव्यांखाली वापरू नका, फोटोवर आडवे पट्टे उमटतात. भर उन्हातही त्या शटरने फिरती बॅट वाकडी दिसू शकते.

फ्लॅश बंद. बॅडमिंटनच्या सामन्यात तर खिशातूनही काढू नका. खेळाडूच्या डोळ्यांवर चमक गेली की तुम्हाला बाहेर काढतील आणि योग्यच करतील.

टेनिस बॉलच्या नाईट टुर्नामेंटमध्ये उजेड सगळीकडे सारखा नसतो. सामन्याआधी मैदानाला एक फेरी मारून कोणत्या भागात उजेड चांगला आहे ते पाहा आणि तेवढ्याच भागात काय घडेल याची वाट पाहा. आणखी एक सोय निसर्गाने ठेवली आहे. उडी मारलेला माणूस वर पोचल्यावर क्षणभर थांबतो. झेल घेणारा किंवा व्हॉलीबॉलचा स्मॅशर उडीच्या टोकाला असताना १/२५० लाही बराच स्थिर येतो.

क्रिकेट, थोडक्यात

नागपूरच्या जामठा स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय सामन्यात प्रेक्षकांना कॅमेरा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा त्याचा नाद सोडा आणि मोकळ्या मैदानावरच्या सामन्यांना जा. तिथे सीमारेषेबाहेर कुठेही बसता येते. ३०० मिलिमीटर लेन्स असली तरी फलंदाज लहानच येतो, म्हणून फलंदाजाच्या समोरच्या अंगाला, यष्ट्यांच्या रेषेपासून थोडे तिरके बसा आणि फोटो नंतर कापून घ्या. बटण गोलंदाजाचा हात डोक्यावर आला की दाबायचे नाही, चेंडू सुटल्यावर मनात 'एक' म्हणून दाबायचे. मध्यमगतीला आणि फिरकीला हा 'एक' वेगवेगळ्या लांबीचा असतो. पहिली दोन षटके नुसती मोजण्यात घालवा, कॅमेरा मांडीवर ठेवून.

क्रिकेटमध्ये पुष्कळ चांगले फोटो चेंडू मेल्यावर मिळतात. मार्च २०२५ मध्ये जामठ्याला केरळविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात करुण नायरने शतक केले आणि ड्रेसिंग रूमकडे बघून नऊ बोटे दाखवली, कारण त्या देशांतर्गत हंगामातले ते त्याचे नववे शतक होते. विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला तो हा सामना. त्या बोटांना १/२००० लागत नाही. पण नववे शतक आहे हे ठाऊक असणारा माणूस एकेरी धाव पूर्ण झाल्यावर कॅमेरा खाली ठेवत नाही. मैदानावर तेच करा: गुण झाल्यावर दोन सेकंद बोट उचलू नका. ओरडणारा, कपाळाला हात लावणारा, हरलेल्या बाजूला एकटा उभा राहिलेला, हे सगळे त्या दोन सेकंदांत सापडतात.

गडी स्थिर, मागचे पळते

कधी उलटे करून पाहा. शटर १/६० वर आणा, सायकलस्वाराबरोबर कॅमेरा फिरवत राहा आणि फिरवता फिरवताच बटण दाबा. सायकलस्वार स्पष्ट, मागची झाडे रेघांसारखी. सरावाला स्पर्धा लागत नाही. सकाळी साडेसहा-सातला अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या बाजूला फुटपाथवर उभे राहा, सायकली येतच असतात. पाय रोवून कमरेतून फिरा, बटण दाबल्यावरही फिरणे थांबवू नका. पन्नासात दोन जमले तर चांगली सुरुवात समजा. मला पहिल्या दिवशी एकही जमला नव्हता.

फक्त मोबाइल असेल तर

चालेल, पण झूम करू नका, जवळ जा. खांबावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच अडकून राहतो, मग शटर धरून एकापाठोपाठ फोटो काढा. मोबाइलने संध्याकाळी फारशी अपेक्षा ठेवू नये.

घरी आल्यावर

सहाशे फोटोंतून पंधरा ठेवा. माझी चाळणी सोपी आहे: चेहरा दिसतो का, डोळे स्पष्ट आहेत का, चौकटीत दोन्ही बाजूंचे गडी आहेत का. तिन्हींची उत्तरे 'हो' असतील तर ठेवतो. चेंडूच्या खेळात चेंडूही हवा. क्षितिज सरळ करा, कडेचा अर्धा माणूस कापा, रंग जास्त भडक करू नका. मैदानातली माती लाल-काळी आहे, ती नारिंगी दिसायला लागली की थांबा.

लहान मुलांचे आणि मुलींच्या सामन्यांचे फोटो प्रशिक्षकांना आणि पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. झटापटीत कपडे विस्कटतात, असा फोटो कितीही थरारक असला तरी पुसून टाका.

आणि चार-पाच चांगले फोटो छापून प्रशिक्षकांच्या हाती द्या, मोबाइलवर पाठवून थांबू नका. मी त्या वयस्कर प्रशिक्षकांना एक नेऊन दिला होता: खांब, आडवा गडी, पूर्ण चेहरा. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ह्याचा डावा पाय चुकला बघा." पुढच्या सामन्याला मी पोचलो तेव्हा खांबाजवळच्या कोपऱ्यात त्यांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.